बापाचं घड्याळ उशिरा सुरू झालं

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी सिनेमा आला. टोळीचा म्होरक्या जक्कल याच्यावर बेतलेली भूमिका नाना पाटेकरांनी केली होती आणि ती पाहून थिएटरमधून गप्प बाहेर पडलेले लोक आजही भेटतात. पुढे अनुराग कश्यपचा ‘पांच’ याच प्रकरणावरून सुचला आणि सेन्सॉरच्या कचाट्यात अडकून राहिला. दोन्ही सिनेमांत कॅमेरा मारणाऱ्यांच्या मागे फिरतो. याच प्रकरणात पोरगा हरवलेल्या बापाचाही एक सिनेमा आहे. तो मात्र अजून पडद्यावर आलेला नाही.

१९७६-७७ मध्ये पुण्यात एकूण दहा माणसं मारली गेली. खटल्याच्या नावात दोन घरं राहिली, जोशींचं आणि अभ्यंकरांचं. पहिला बळी प्रकाश हेगडे आणि शेवटचा अनिल गोखले यांची नावं त्यातून गळाली. हे दोघे घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला आधी वाट पाहणं आलं आणि मग बातमी. मी पुण्याजवळच्या कासारवाडीत राहतो. इथे घराघरात दहावी-बारावीची, आयटीआयची, डिप्लोमाची पोरं आहेत आणि आईबाप शिफ्टला. त्यामुळे या प्रकरणातली ही दोन नावं मला सगळ्यात जवळची वाटतात.

खालची उलट मोजणी २३ मार्च १९७७ च्या संध्याकाळपर्यंतची आहे. त्या संध्याकाळी दुसरा पोरगा गेला. पहिल्याचा माग तेव्हाच लागला असता, तर दुसरा वाचला असता आणि मधली आठ माणसंही वाचली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५ जानेवारी १९७६, गुरुवार. बाकी ४३३ दिवस.

तिळगुळाचे दिवस. आणीबाणी लागून सहा महिने उलटून गेलेले. टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय आणि त्याच्या मागे सुंदर हेगडे यांचं ‘विश्व’ हे छोटं हॉटेल. त्यांचा मुलगा प्रकाश याच कॉलेजात शिकत होता. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह, सुहास चांडक हेही याच कॉलेजचे. कमर्शियल आर्ट शिकणारी, दारू पिणारी, गाड्या चोरणारी पोरं म्हणून कॉलेजात त्यांची ओळख होती. हॉटेलवाल्याचा मुलगा उचलला की बाप पैसे देईल, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

काहीतरी थाप मारून त्यांनी प्रकाशला बरोबर घेतलं. जबरदस्ती करावीच लागली नाही. वर्गातला मुलगा ‘चल’ म्हणाला तर कुणीही जातो.

त्याच दिवशी, कर्वे रोड.

जक्कलची पत्र्याची शेड होती. प्रकाशला तिथे नेलं आणि त्याच्याकडून वडिलांच्या नावे एक पत्र लिहून घेतलं. काही वैयक्तिक कारणाने मी घर सोडून जातोय, असा त्याचा आशय.

या कागदापाशी मला थांबावंसं वाटतं. मारण्याआधी पत्र लिहून घेणारा माणूस पुढचा विचार करून बसलेला असतो. मुलगा पळवला गेला असं बापाला कळलं, तर तो गाव जागं करील, चौकीवर धडकेल, रस्त्यारस्त्यावर विचारत सुटेल. मुलगा आपल्या पायांनी गेला असं कळलं, तर तो आधी घरातच शोधायला लागेल. काय बोललो त्याला, कधी हात उगारला का, परीक्षेवरून काही झालं का. नातेवाइकांना सांगायचीही लाज वाटेल. पहिले कितीतरी तास स्वतःलाच दोष देण्यात जातील. हे पत्र म्हणजे बापाच्या पायात घातलेली बेडी होती, आणि ती घालायला मुलाचंच अक्षर वापरलं गेलं.

त्याच रात्री, पेशवे पार्क.

तोंडात बोळा कोंबून त्याला सारसबागेलगतच्या पेशवे पार्कात आणलं. टिळक रोडपासून हे अंतर चालत जाण्याचं. नायलॉनच्या दोरीने गळा आवळला. प्रेत लोखंडी पिंपात घातलं, वजनाला दगड टाकले आणि पिंप तळ्यात सोडून दिलं.

प्रकाशचं घड्याळ इथे थांबलं. बापाचं अजून सुरूही झालं नव्हतं. कॉलेजात जाणारा मुलगा रात्री उशिरा येणार, हे घरात गृहीतच असतं.

१६ जानेवारी १९७६. बाकी ४३२ दिवस.

दुसऱ्या दिवशी सुंदर हेगडे यांच्याकडे खंडणीची चिठ्ठी पोचवली गेली. ज्याच्या सुटकेसाठी पैसे मागत होते, तो आदल्या रात्रीच पाण्याखाली गेला होता. पैसे दिले असते काय आणि नसते काय, मुलगा परत येणारच नव्हता. या प्रकरणातलं सगळ्यात भयानक काय, असं कुणी विचारलं तर मी याच दिवसाकडे बोट दाखवीन.

मूल हरवल्यावर बाप पहिल्यांदा कुठे जातो? मुलाच्या मित्रांकडे. ‘अरे, आमचा पाहिला का रे कुठे?’ इथे मुलाचे सोबती आणि मारेकरी एकाच कॉलेजच्या आवारात वावरत होते, आणि त्या आवाराच्या पाठीमागेच बापाचं हॉटेल होतं. ज्यांना सगळं माहीत होतं, ती पोरं हाकेच्या अंतरावर होती. पुढचे चौदा महिने ती तशीच मोकळी फिरली.

आणि तळं? पेशवे पार्क म्हणजे तेव्हाच्या पुण्यातल्या पोरांची जत्रा. फुलराणी, हत्ती, वाघ-सिंहांचे पिंजरे, शेजारी तळ्यातला गणपती. पुण्याला आलेल्या पाहुण्यांना, चिंचवड-भोसरीकडच्या शाळांच्या सहलींना हमखास दाखवायची जागा. त्या तळ्याच्या काठाने एक उन्हाळा आणि एक पावसाळा लोक भेळ खात हिंडले.

१ मार्च १९७६. बाकी ३८७ दिवस.

पुण्यापासून दूर, केरळात, कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातून पी. राजन या विद्यार्थ्याला पोलीस पहाटे घेऊन गेले. कक्कयमच्या छावणीत त्याचे हाल झाले आणि तो संपला. वडील टी. व्ही. ईचर वारियर हिंदीचे प्राध्यापक. मंत्र्यांपासून तुरुंगांपर्यंत ते दारोदार फिरले.

याचा पुण्याशी संबंध नाही हे खरं. पण एकाच वर्षात, दीड महिन्याच्या फरकाने, दोन बापांचे दोन मुलगे कॉलेजातून गेले. एकाला सहाध्यायांनी नेलं, दुसऱ्याला सरकारने. वारियरांच्या शोधाचा सिनेमा झाला, म्हणून त्यांची नोंद इथे केली. त्याकडे पुढे येतो.

३१ ऑक्टोबर १९७६, रविवार. बाकी १४३ दिवस.

विजयनगर कॉलनी. अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी आणि मुलगा आनंद. तिघांचाही खून.

२२ नोव्हेंबर. बाकी १२१ दिवस. शंकरशेठ रोडवरच्या बाफना यांच्या बंगल्यात टोळी शिरली. घरातल्या बाईंनी आणि नोकरांनी झुंज दिली, टोळीला पळून जावं लागलं. एवढा एकच दिवस जिवंत माणसांचा.

१ डिसेंबर, बुधवार. बाकी ११२ दिवस. भांडारकर रोड, ‘स्मृती’ बंगला. संस्कृतचे मोठे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय ८८. पत्नी इंदिराबाई, कामाला असणाऱ्या सकूबाई वाघ, वीस वर्षांची नात जाई आणि एकोणीस वर्षांचा नातू धनंजय. पाचही जण एका रात्रीत.

त्या थंडीत पुणं संध्याकाळीच दारं लावून बसायला लागलं. बेल वाजली की आतून ‘कोण?’ आणि पुन्हा ‘कोण?’. दहशत साऱ्या शहराला होती. हेगडे कुटुंबात मात्र तेव्हा दहा महिने उलटून गेले होते आणि मुलाचा पत्ता नव्हता.

२१ मार्च १९७७. बाकी २ दिवस.

आणीबाणी उठली. निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. वर्तमानपत्रं पुन्हा मोकळेपणी छापायला लागली.

२३ मार्च १९७७, बुधवार, संध्याकाळ.

अनिल गोखले हा टोळीच्या ओळखीतल्या जयंत गोखलेचा धाकटा भाऊ. दोघा भावांचं अलका टॉकीजपाशी भेटायचं ठरलेलं. अनिलला वाटेत जक्कल भेटला. ‘सोडतो’ म्हणाला. अनिल गाडीवर बसला. पुन्हा ओळखीचा चेहरा, पुन्हा तीच शेड, पुन्हा नायलॉनची दोरी. प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगड लावून बंडगार्डनजवळ नदीत टाकलं.

चौदा महिन्यांपूर्वीची युक्ती जशीच्या तशी. पहिली पचली होती, म्हणूनच ती पुन्हा वापरली गेली.

२४ मार्च.

यावेळी पाण्याने साथ दिली नाही. येरवड्याजवळ प्रेत वर आलं. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने दोरी पाहिली, गाठ पाहिली. जोशी आणि अभ्यंकरांच्या घरातल्या गाठींशी ती जुळत होती. अनिल शेवटी कुणाबरोबर होता, एवढा एक प्रश्न नीट विचारल्यावर तपास जक्कलपर्यंत पोचला. जबाबांत विसंगती निघाल्या, महिना संपायच्या आत अटका झाल्या आणि चांडक माफीचा साक्षीदार झाला.

त्यानंतर पेशवे पार्कच्या तळ्यातून पिंप बाहेर काढलं गेलं. आत सांगाडा. सगळ्यात आधी गेलेला मुलगा सगळ्यात शेवटी सापडला.

२८ सप्टेंबर १९७८ ला न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी फाशी सुनावली. हायकोर्टाने ती कायम केली, सुप्रीम कोर्टानेही. २७ नोव्हेंबर १९८३ ला जक्कल, सुतार, जगताप आणि शाह येरवड्यात फासावर गेले. त्यानंतर तीन वर्षांनी सिनेमा.

आता वारियरांकडे. आणीबाणी उठताच, २५ मार्च १९७७ ला, म्हणजे अनिलचं प्रेत सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी केरळ हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. माझा मुलगा माझ्यासमोर हजर करा. महिन्याभरात मुख्यमंत्री करुणाकरन यांना खुर्ची सोडावी लागली. राजनचं प्रेत मात्र कधीच मिळालं नाही.

शाजी करुण यांचा ‘पिरवी’ हा मल्याळी सिनेमा या प्रकरणातून उभा राहिला. त्यात खून दिसत नाही, छावणी दिसत नाही. म्हातारा बाप रोज तयार होऊन शहराकडून येणाऱ्या बसची वाट पाहायला जातो. बस येते, माणसं उतरतात, मुलगा उतरत नाही. दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा जातो. ही भूमिका प्रेमजी या नटाने केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं आणि कान महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली.

‘माफीचा साक्षीदार’ पाहून बाहेर पडताना जक्कलची भीती वाटते. ‘पिरवी’ पाहून आपल्या घरातलं कोण कुठे आहे याची आठवण होते. मला दुसरा सिनेमा मोठा वाटतो. खुनी माणसाचं मन उलगडून पाहण्यात एक ओढ असते, हे मी मान्य करतो. पण पन्नास वर्षं आपण या प्रकरणात जक्कल कसा बोलायचा, कसा चालायचा, फासावर जाताना कसा होता, हेच चघळत आलो. ‘विश्व’ हॉटेलच्या मालकाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मराठीत चांगले दिग्दर्शक आज कमी नाहीत. हातात चिठ्ठी धरून उभ्या असलेल्या बापापासून कुणीतरी ही गोष्ट सुरू करावी.

सिनेमा होईल तेव्हा होईल. तोवर कासारवाडीतल्या घरांसाठी दुसरा एक घटनाक्रम मांडतो. हा अजून घडलेला नाही.

पहिला तास.

इथे तो पहिला तास कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण शिफ्ट. बाप चाकणला सेकंडला, आई दुपारी कामावर. मुलगा क्लासला गेला असं आई समजते, आईबरोबर आहे असं बाप समजतो. रात्री कंपनीची बस नाशिक फाट्यावर सोडते, बाप जिना चढून येतो, ताट झाकलेलं असतं आणि मग एकमेकांना विचारलं जातं. तेव्हा मुलाला बाहेर पडून पाच-सहा तास झालेले असतात. आणि कासारवाडी म्हणजे निघून जायला जगातली सगळ्यात सोयीची जागा. स्टेशनवरून एका बाजूला शिवाजीनगर-पुणे, दुसऱ्या बाजूला लोणावळा. डोक्यावर मेट्रो. नाशिक फाट्यावरून नाशिक, रस्ता ओलांडला की मुंबई. पाच-सहा तासांत मूल तीन जिल्हे ओलांडू शकतं.

दुसरा तास.

‘बघू सकाळपर्यंत, येईल.’ हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं, आणि ‘चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस घेत नाहीत’ हेही कुणीतरी शेजारी सांगतोच. असा कुठलाही नियम नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ ला दिलेला आदेश स्पष्ट आहे. १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत मूल पळवलं गेलं किंवा त्याचा व्यापार झाला असं धरूनच तपास करायचा. म्हणजे कायद्याने तरी ‘गेला असेल रागावून’ या वाक्याची वाट बंद केली आहे. घरात चिठ्ठी सापडली तरीही. चिठ्ठी कुणी, कुठे बसवून लिहून घेतली असेल, हे प्रकाश हेगडेच्या प्रकरणाने पुरेसं शिकवलं आहे.

गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, असं म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो. फोन ११२ वर करायचा, मुलांसाठी १०९८ आहे, रेल्वेने गेल्याची शंका असेल तर १३९.

पण यात एक भोक आहे आणि ते फार मोठं आहे. वय १८ च्या वर गेलं की ही ढाल उरत नाही. एकोणीस वर्षांच्या कॉलेजातल्या मुलाची फक्त ‘मिसिंग’ दाखल होते. ‘सज्ञान आहे, आपल्या मर्जीने गेला असेल’ असं म्हणून कागद फायलीत जातो. या वयाच्या मुलाच्या बापाने पोलिसांसमोर संशयाची कारणं स्पष्ट सांगायला हवीत आणि ती लेखी द्यायला हवीत: फोन अचानक बंद झाला, पैसे नेले नाहीत, कपडे नेले नाहीत, कुणीतरी बोलावलं होतं. अपहरणाचा संशय आहे असं अर्जात लिहिलं की अर्जाचं वजन बदलतं.

तिसरा तास ते सकाळ.

अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर, शक्य असेल तर फोनचा आयएमईआय. कुठल्या ॲपवर कुणाशी बोलायचा. यूपीआयवरून शेवटचे पैसे कुठे गेले. लोकेशन आणि सीडीआर (कॉलची नोंद) पोलीस काढतात, पण दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, ते घरच्यांनी मागे लागून जपायला लावायचं. आणि मित्रांना एकेकटं विचारायचं. घोळक्यात विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच येतं. जक्कलच्या टोळीतही जबाब वेगवेगळे घेतल्यावरच एकेक जण फुटला.

पालकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या मुलाचे मित्र ‘पप्या’, ‘सोन्या’, ‘भाई’ याच नावांनी तुम्हाला माहीत असतील. त्यांची पूर्ण नावं, घरचे पत्ते आणि त्यांच्या आईबापांचे फोन नंबर आज रात्री जेवायला बसण्याआधी मुलाला समोर बसवून एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घरातल्या प्रत्येकाला सापडेल अशा जागी ठेवा.